पाहणीच्या दिवशी वाहणाऱ्या कालव्याची हकीकत

॥ श्री ॥ नमन दोन्ही डोळ्यांस, की प्रथम त्यांनी पाहिले. नमन मापाचे काठीस, की तिने डोळ्यांस सावरिले. आणि नमन वाचणारांचे धीरास, की त्यावाचून पुढील मजकुरास आधार नाही. शके सोळाशे त्र्याण्णव, खरनाम संवत्सर, वैशाख मास. ते समयी एका राज्याचे राजधानीत, नगराचे मधून जाणारा थोरला कालवा दोन वर्षे कोरडा होता, आणि ज्या दिवशी सरकारचा कोणी अंमलदार तो कोरडा आहे याची पाहणी करावयास येई, त्या दिवशी त्यात पाणी वाहत असे. इतर दिवशी वाहत नसे.

राज्याचे नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिल्याने मजकूर अधिक खरा होत नाही. कालव्याची हकीकत ऐशी की, विद्यमान महाराजांचे पणजे मोठे कर्ते पुरुष होऊन गेले, त्यांनी डोंगरातील नदीस बांध घालोन घडीव दगडाचा आणि चुन्याचे गिलाव्याचा कालवा नगरात आणिला, आणि तो राजवाड्याचे पुढून, मग पेठेचे कडेने, मग बागांमधून नेऊन शेवटी रंगारआळीचे मोठ्या हौदात उतरविला, आणि घाटावर एक शिळा बसवोन तीवर कोरविले की, यात पाणी वाहते आहे तोवर हा कालवा कोणी विकू नये, देऊ नये, बुजवू नये. मग तीन पिढ्या पाणी वाहिले आणि शिळा कोणी वाचिली नाही, कारण वाचण्याचे प्रयोजन पडले नाही. पुढे विद्यमान महाराजांनी लखमोजी नाईक यांस नवनिर्माणाचे प्रधान नेमिले. हे गृहस्थ दुष्ट नव्हते, हे आरंभीच लिहिणे न्यायाचे. परंतु त्यांचे दृष्टीचा स्वभाव ऐसा होता की, जुनी वस्तू समोर आली असता ती त्यांस दिसत नसे, तिचे जागी जे उभे करिता येईल तेच दिसे. आणि सरकारची मिळकत मक्तेदारांचे हवाली करणे यास ते 'भारमुक्ती' म्हणत, आणि या भारमुक्तीने त्यांनी गजशाळा हलकी केली, आमराई हलकी केली, आणि नगारखानाही हलका केला, तो इतका की सूर्योदयाचा नगारा मक्तेदाराचे सोयीने दोन प्रहरी वाजू लागला, आणि नगरवासी त्यावरही सूर्योदय मानू लागले.

ऐसे असता कालवा कोरडा पडला. तेव्हा लखमोजी नाइकांचे दप्तरातून अहवाल आला की, कालवा फार जुना जाहला, गिलावा जागोजाग फुटला, पाणी जमिनीत मुरते, सबब दुरुस्तीयोग्य नाही. धनपाळशेट मक्तेदार यांनी तत्काळ अर्ज केला की, सरकारने कालवा आम्हांस द्यावा, आम्ही तो बुजवोन त्यावर दुमजली बाजार बांधू, आणि पणजोबामहाराजांची स्मृती राहावी म्हणोन बाजारास कालव्याचेच नाव देऊ. या उदारतेने दरबार सद्गदित जाहला. आड आली ती शिळा. तीवरील अक्षरे कोणी तरी वाचिली, आणि न्यायाधीशांनी निर्णय दिला की, सरकारचे अंमलदाराने दरबारी पोशाखात, आगाऊ वर्दी देऊन, रीतसर मिरवणुकीने घाटावर जावे, आणि कालवा कोरडा आहे ऐसे स्वतःचे डोळ्यांनी पाहावे, म्हणजे शिळेची अट पुरी होऊन विक्रीस मोकळीक. यात अडचण कोणासच दिसली नाही. मग प्रथम एक कारकून गेला, तो काय पाहतो, तळाशी नखभर पाणी वाहते. दरबार हसला आणि म्हणाला की कारकुनाची दृष्टी ती काय, आणि अमात्य गेले, तो पाणी घोटाभर. मग स्वतः लखमोजी नाईक चौघडा लावोन गेले, तो पोटरीभर पाणी खळखळत होते, आणि त्यात एक झारी वाहत चालली होती. दुसरे दिवशी साध्या माणसांनी जाऊन पाहिले तर तळ सुका, झारी नाही, काही नाही.

तेव्हा नगरात आणि दरबारात एकच मसलत. राजोपाध्यायांनी सिद्धांत मांडिला की, कालवा राजघराण्याचा सेवक असोन त्यास हुद्दा कळतो, आणि जसा ज्याचा हुद्दा तसे पाणी उठोन मुजरा करिते. हा सिद्धांत सर्वांस पटला, कारण त्यात सर्वांचा मान होता. एक अमात्यच खिन्न जाहले की आमचे वाट्यास घोटाच आला. आणि लखमोजी नाइकांची अवस्था चमत्कारिक, की त्यांस मान मिळाला आणि जागा मिळाली नाही, ते धनपाळशेटीस म्हणाले, "शेट, मी जितका मोठा होतो तितके पाणी वाढते. आता मी करावे तरी काय?" शेट म्हणाले, "नाईक, तर मग महाराजांस पाठवू नका. पूर येईल."

या गोष्टीचा खरा आनंद एका रंगारआळीस जाहला. त्या आळीचे मुख्यपण म्हाळसाबाई रंगारीण हिचे हाती होते. बाई विधवा, बोलण्यात फटकळ, कामात चोख. तिचे निळीचे रांजण कालव्याचे काठी दगडात बसविलेले, ते हालविता येत नव्हते, आणि निळीस जे मऊ, वाहते पाणी लागते ते नगरात दुसरीकडे नव्हते. कालवा विकला तर आळी उठोन माळावर जावयाची ऐसा प्रधानांचा बेत, आणि माळावरचे विहिरीचे पाणी मचूळ, त्यात निळीचे सूत राखी होई. म्हणजे आळी वाचेल आणि रंग मरेल, आणि रंग मेल्यावर आळीने करावयाचे काय, हे प्रधानांचे अहवालात लिहिले नव्हते. तर या बाईंचे ध्यानी ऐसे आले की, थोर माणूस घाटावर येऊन गेला की सायंकाळपर्यंत आपले हौदात पाणी उतरते. ते कोठून येते याची चौकशी तिने केली नाही. आलेल्या पाहुण्यास वाट विचारण्याची आपली रीत नव्हे, म्हणाली. मग आळीने पाहण्या मागण्याचा सपाटा लाविला. आज कालव्यात मगर दिसली, उद्या कालव्याचा काठ हलला, परवा कालव्यातून शंखाचा नाद आला, सबब सरकारने येऊन पाहावे. चौकशीचा कारकून आळीत येऊन म्हणाला, "बाई, कालवा ठणठणीत कोरडा. त्यात मगर कशी राहील?"

बाई म्हणाली, "म्हणूनच तर ती बाहेर येते, दादा. जीव आहे तिलाही."

"कुणी पाहिली?"

"जिने पाहिली ती अजून थरथरते आहे. तुम्ही असे करा, अमात्यांना पाठवा. तुम्ही स्वतः येऊ नका हो, राग मानू नका, पण मागच्या वेळी तुमच्याने नखभरच झाले. आमचा एक रुमालसुद्धा भिजला नाही."

कारकून आपले हुद्द्यावर खेद करीत परतला, आणि अमात्य आले, आणि रंगारआळीने त्या आठवड्यात दोन गाठोडी सूत रंगविले.

महाराजांस हे वर्तमान कळोन कौतुक वाटले, आणि त्यांनी वेधशाळेचे अधिकारी केसोपंत यांस बोलाविले. केसोपंत ग्रहणे वर्तविण्यात निष्णात, बोलण्यात कोरडे, त्यांस कोणी म्हणाले की चमत्कार जाहला, तर ते विचारीत, "किती हात?" या प्रश्नामुळे त्यांस मेजवानीस फारसे कोणी बोलावीत नसत. महाराज म्हणाले, "पंत, कालव्यास हुद्दा कळतो म्हणतात. खरे काय?" पंत म्हणाले, "कळत असेल, महाराज. परंतु त्यास परीक्षेस बसविल्यावाचून उत्तीर्ण म्हणता येणार नाही." मग आज्ञा घेऊन त्यांनी परीक्षा मांडिली, ती येणेप्रमाणे. प्रथम त्यांनी मुदपाकखान्यातील एका धिप्पाड आचाऱ्यास लखमोजी नाइकांचा पोशाख घालोन, मंदील बांधोन, वर्दी न देता घाटावर नेले. आचारी रुबाबदार दिसला, दोन शिपायांनी मुजराही केला, परंतु कालव्याने केला नाही. सिद्धांतवादी म्हणाले की कालव्यास सोंग कळते. पंत म्हणाले, "बरे." मग दुसरे वेळी त्यांनी खऱ्या नाइकांची पाहणी आहे म्हणोन सर्वत्र वर्दी देवविली, आणि नाइकांस विनंती केली की आपण घरीच पानसुपारी करीत बसावे. नाईक बसले. घाटावर कोणी गेले नाही. आणि कालव्यात पोटरीभर पाणी आले. तेव्हा पंतांनी महाराजांस कळविले की, "कालवा प्रधानास ओळखीत नाही, प्रधानाचे वर्दीस ओळखितो. सबब आता वर्दी कोणाचे कानी जाते ते पाहणे." लखमोजी नाइकांस हे फार लागले, कारण आपण घरी असताही आपला मुजरा होतो हे ऐकोन आनंद मानावा की दुःख, हे त्यांस ठरविता येईना.

वर्दी ज्या ज्या ठिकाणी जाई तेथे पंत जाऊन बसले. चौघडेवाल्यांकडे बसले, भालदारांकडे बसले, हारवाल्यांकडे बसले, तेथे पाणी म्हणावे ऐसे काही निघाले नाही. शेवटी भिस्तीखान्यात गेले, आणि तेथे उजाडता उजाडता काय पाहतात, तर भिस्त्यांची रांगच रांग राजवाड्याचे विहिरींतून पखाली भरोन रस्त्यावर रिकाम्या करीत चालली आहे. कारण या राज्याची रीत ऐशी की, थोर माणसाचे पायास, पालखीस किंवा नाकास धूळ लागू नये, म्हणोन त्याचे मिरवणुकीचे मार्गावर आधी पाण्याचा सडा घालावा, आणि सडा हुद्द्याप्रमाणे घालावा. कारकुनास शिंपडा, अमात्यास सडा, प्रधानास सडा करोन वरी सडा, आणि महाराजांस रस्ता धुवोन काढावा. आणि पणजोबामहाराजांनी नगराचे रस्ते कालव्याकडे उतरते बांधिले होते, जेणेकरोन चिखल साचू नये. म्हणोन ते सर्व पाणी मोरीमोरीने कालव्यात उतरे, आणि थोर माणूस घाटावर पोचे तेव्हा त्याचेच स्वागताचे पाणी त्याचेपुढून वाहत असे. हे इतके दिवस कोणास कसे दिसले नाही, याचे नवल करू नये. थोर माणसे सड्यानंतर निघत, सबब त्यांचे समजुतीत रस्ता हा स्वभावतःच ओला असतो. आणि भिस्त्यांनी मिरवणुकीचे नजरेस पडू नये ऐसा दंडक, सबब ते मिरवणुकीपूर्वी निघोन जात. पंतांनी भिस्त्यांचे जमादारास विचारिले, "जमादार, हे पाणी जाते कोठे?"

"रस्त्यावर, पंत."

"आणि रस्त्यावरून?"

"ते आम्हांला काय ठाऊक? तेव्हा आम्ही घरी भाकरी खात असतो. पण पंत, एक सांगतो, हा खेळ आता फार दिवसांचा नाही. या पाहण्यांनी विहिरींनी तळ दाखवला. महिनाभरात महाराजांच्या अंघोळीला राहील की रस्त्याला, हे तुम्ही शहाण्यांनी ठरवा."

पंतांस अनुमान सापडले, परंतु अनुमान म्हणजे पुरावा नव्हे ऐसे त्यांचे मत. पाणी सड्याचेच, दुसरे नाही, हे सर्वांचे डोळ्यांस दिसावे याकरिता त्यास रंग देणे अवश्य, आणि रंग होता म्हाळसाबाईकडे. मग पंत रंगारआळीत गेले, आणि रांजणाचे काठी बसोन त्यांनी बाईस सर्व मजकूर सांगितला आणि तांबड्या रंगाची मंजिष्ठ मागितली. बाईने हातातील सूत रांजणात सोडले, हात पुसले, आणि म्हणाली, "पंत, माझ्याच रंगाने माझीच आळी पुसायला आलात होय? इतका सरळ माणूस मी पाहिला नव्हता."

पंत म्हणाले, "बाई, मी कालव्याचे विरुद्ध नाही."

"मग गप्प बसा की! तुम्हांला कळले, मला कळले, झाले. लोक मुजरा म्हणतात, म्हणू द्या. मुजऱ्याने आमचे रांजण भरतात. उद्या तुम्ही सांगणार, हे सड्याचे पाणी, आणि प्रधान म्हणणार, म्हणजे कालवा कोरडाच, आणि शेट कुदळी घेऊन दारात. मग तुमचे खरे माझ्या माळावरच्या विहिरीत घालू? गोड होईल ती?"

पंत म्हणाले, "विहिरी आटत आहेत. जमादार सांगतो, महिनाभर. विहिरी आटल्या की सडा बंद, आणि सडा बंद जाहल्यावर जी पहिली पाहणी होईल तीत कालवा कोरडा दिसेल, आणि त्या दिवशी त्याचे बाजूने बोलावयास कोणाकडे काही असणार नाही. तुमचा मुजरा महिन्याचा पाहुणा आहे, बाई."

"आणि तुमचे खरे कितीचे?"

"ते मला ठाऊक नाही. मी अजून अर्धेच पाहिले आहे. पाणी कोठून येते ते पाहिले. कोठे जाते ते मोजले नाही. प्रधानांचे अहवालात लिहिले आहे की गिलावा फुटला आणि पाणी जमिनीत मुरते. तुम्ही म्हणता, सायंकाळी हौदात येते. दोन्ही खरे असू शकत नाही."

म्हाळसाबाईने त्यांजकडे नीट पाहिले, आणि मग उठोन मंजिष्ठेचे पोते ओढोन त्यांचे पुढे ठेविले. म्हणाली, "न्या. पण एक अट. दरबारात तोंड उघडाल तर अर्धे सांगून बसू नका. तुम्हां शहाण्यांना अर्धे सांगून बसायची खोड असते, आणि मग उरलेले आमच्यासारख्यांना भोगावे लागते. पाण्याबरोबर माझ्या हौदापर्यंत चाला, आणि सगळ्यांना चालवा." पंतांनी कबूल केले.

मग पंतांचे विनंतीवरोन महाराजांनी स्वतः पाहणीस निघण्याचे ठरविले, आणि वर्दी गेली, आणि भिस्तीखाना उलथला. पंतांनी जमादाराकडोन पखाली मोजविल्या, प्रत्येक पखालीत मंजिष्ठेचा काढा घालविला, आणि हौद आधी उपसोन कोरडा करविला. दिवस वर आला, चौघडा झडला, आणि महाराज शुभ्र पोशाखात, अमात्य, प्रधान, न्यायाधीश, मक्तेदार ऐसे सर्व शुभ्र पोशाखात निघाले. आणि राजवाड्याचे दरवाजातून बाहेर येतात तो रस्ता तांबडा. पायांतील चढाव तांबडे, पालखीचे भोयांचे पाय तांबडे, अमात्यांचे घोड्याचे चारी पाय गुडघ्यापर्यंत तांबडे. घाटावर पोचले तो कालव्यात गुडघाभर तांबडे पाणी घोंगावत चालले होते. लोकांनी हंबरडा फोडिला. राजोपाध्याय म्हणाले, "कालवा कोपला! विक्रीचे नाव काढिले म्हणोन रक्त वाहते आहे!" आणि धनपाळशेटींनी मनात ठेविलेले दोन मजले त्याच क्षणी एकावर आणिले.

केसोपंत पुढे होऊन म्हणाले, "रक्त नव्हे, मंजिष्ठ आहे. आपल्या चढावांस जी लागली तीच. महाराजांचे मार्गावर सकाळी सडा घातला, त्यात मी रंग घालविला. तो सडा मोऱ्यांनी कालव्यात उतरला. पाहणीचे दिवशी जे पाणी दिसते ते इतकेच. कालव्यास हुद्दा कळत नाही, भिस्त्यांस कळतो."

अमात्यांनी आपला घोटा आठविला, आणि तो आपला नसोन भिस्त्यांचा होता हे कळोन त्यांस थोडे बरे वाटले. लखमोजी नाइकांचे मुख मात्र उजळले. ते म्हणाले, "धन्य पंत! म्हणजे कालव्याचे स्वतःचे पाणी नाही. म्हणजे कोरडाच. शेट, कागद काढा." आणि शेटींनी मजले पुन्हा दोन केले. तेव्हा गर्दीतून म्हाळसाबाई गरजली, "पंत! हे अर्धे झाले!"

"होय," पंत म्हणाले, "अर्धेच. महाराजांनी कृपा करोन पाण्याबरोबर चालावे."

मग महाराज पालखीतून उतरले, आणि सर्व दरबार कालव्याचे काठाने, पेठेचे कडेने, बागांमधून, तांबड्या पाण्याबरोबर चालत रंगारआळीत आला. हौदात पाणी पडत होते, पडता पडता थांबले, आणि पंतांनी काठी घालोन मोजले, आणि म्हणाले, "दहा पखाली ओतल्या तर आठांहून थोडे अधिक येथे पोचले. उरलेले रस्त्याने पिले, उन्हाने नेले, आणि चढावांवर गेले. कोणी किती, ते मी सांगू शकत नाही. परंतु ज्या कालव्याचा गिलावा फुटला आणि पाणी जमिनीत मुरते ऐसे लिहिले आहे, त्या कालव्यातून एवढेसे पाणी सबंध नगर ओलांडोन येथवर आले. तर गिलावा फुटलेला नाही. पणजोबामहाराजांचा चुना अजून धरोन आहे." म्हाळसाबाईने त्याच पाण्यात एक पांढरा रुमाल बुडवोन काढिला, तो सुरेख तांबडा जाहला, तो तिने लखमोजी नाइकांपुढे धरिला, आणि म्हणाली, "घ्या नाईक. तुमच्या फुटक्या कालव्यातला."

महाराज म्हणाले, "कालवा धड आहे, तर कोरडा का?" यावर प्रत्येकाजवळ उत्तर होते. राजोपाध्याय म्हणाले, शनी वक्री. अमात्य म्हणाले, नदी म्हातारी जाहली. न्यायाधीश म्हणाले, शिळेत कारण लिहिलेले नाही. महाराजांनी पंतांकडे पाहिले. पंत म्हणाले, "मला ठाऊक नाही." दरबारात हे शब्द पूर्वी कोणी उच्चारिले नव्हते, म्हणोन सर्वांनी एकमेकांकडे पाहिले. पंत पुढे म्हणाले, "कालव्याचे मुख डोंगरात आहे. तेथे जाऊन कोणी पाहिले काय?" कोणीही पाहिले नव्हते. डोंगर शिकारीचा, रयतेस मना. आणि अंमलदार जाईनात, कारण तेथवर सडा पोचत नाही, आणि सड्यावाचून जाण्याची कोणास सवय नाही. महाराज म्हणाले, "उद्या आम्ही जातो. सड्यावाचून." भिस्त्यांचे जमादाराने हात जोडिले.

मग दुसरे दिवशी सर्व दरबार कोरड्या रस्त्याने निघाला, मागोमाग म्हाळसाबाईही, आणि वेशीबाहेर पडताच लखमोजी नाईक थांबले आणि घाबरोन म्हणाले, "पंत, हे काय उडते आहे?" पंत म्हणाले, "धूळ." नाइकांनी ती चिमटीत घेऊन पाहिली. मग शिंकत, पुसत, एकमेकांस ओळखीनासे होत मंडळी डोंगरात कालव्याचे मुखाशी पोचली. आणि पाहतात तो, बांधापलीकडे नदी काठोकाठ भरलेली, तिचे पाणी बाजूचे दरीत धो धो पडत आहे, आणि कालव्याचे तोंडावर सागवानी दरवाजा लाविलेला. दरवाजापाशी सिदोजी नावाचा राखणदार कांबळे पसरोन बसला होता. धुळीने माखलेले महाराज त्यास ओळखू आले नाहीत, तो म्हणाला, "या पाव्हणं. लई दिसांनी माणूस दिसलं."

पंतांनी विचारिले, "दरवाजा कोणी लाविला?"

"मी."

"का?"

"हुकूम झाला, लाव. लावला."

"मग उघडलास का नाहीस?"

"उघड म्हणून हुकूम झाला नाही." आणि थोडा विचार करोन म्हणाला, "मी रोज तेल घालतो बिजागरीला. कवा हुकूम आला तर अडायला नको."

महाराज म्हणाले, "हुकूम कोणाचा?" तेव्हा लखमोजी नाईक पुढे आले, आणि येथे त्यांचे सरळपण लिहिले पाहिजे, की त्यांनी दुसरे कोणाचे नाव घेतले नाही. ते म्हणाले, "माझाच. दोन वर्षांपूर्वी गिलावा कोठे फुटला आहे काय ते तपासावे म्हणोन पाणी थांबविले. तपासणीदार आत उतरले आणि त्यांनी लिहिले, फूट दिसत नाही, कारण पाणी नाही. मग दप्तराने त्यावरोन लिहिले, पाणी नाही, कारण फूट आहे. पुढे मी तेच वाचिले." म्हाळसाबाई मागे उभी होती, ती म्हणाली, "नाईक, दोन वर्षे मी नवसाला नारळ फोडले, आणि इथे हा बाबा बिजागरीला तेल घालीत बसला होता! तुम्ही एकदा पायी आला असता तर माझे नारळ तरी वाचले असते." महाराज प्रथम हसले, मग सर्वांस हसण्याची मोकळीक जाहली, आणि सर्वांत उशिरा लखमोजी नाईक हसले, परंतु हसले.

मग महाराजांनी आज्ञा केली आणि सिदोजीने दरवाजा उघडिला, आणि तो खरोखरच अडला नाही. पाणी आले ते कोणाचा हुद्दा न विचारिता आले. नाईक पुढे उभे होते ते कंबरेपर्यंत भिजले, आणि शेटही तितकेच भिजले. शेट पाणी निथळीत म्हणाले, "महाराज, कालवा नाही तर नाही. हा डोंगर कोणाचा?" दिवस मावळण्यापूर्वी पाणी रंगारआळीस पोचले, आणि मंडळी परतली तेव्हा म्हाळसाबाई घाटावरोन धावत पुढे जाऊन रांजणाशी बसली होती, आणि पहिले निळे सूत वाहत्या पाण्यात धरोन शेजारणीवर ओरडत होती की, "अगं, ताण सोड! पाणी ओढते आहे, तू कशाला ओढतेस!" महाराजांनी कालवा न विकण्याचा हुकूम दिला, आणि त्यास दुसरा जोडिला, की यापुढे जो अंमलदार सरकारची कोणतीही वस्तू निकामी जाहली म्हणोन लिहील, त्याने आधी तिचे मुखापर्यंत पायी जावे. या दुसऱ्या हुकुमाने भारमुक्तीचे काम बरेच मंदावले.

तात्पर्य लिहितो. नदी आटली नव्हती, गिलावा फुटला नव्हता, शनीचा संबंध आढळला नाही. पाहणीचे दिवशी कालव्यात पाणी येई ते थोरांसाठी रस्त्यावर घातलेल्या सड्याचे. इतर दिवशी कालवा कोरडा असे, याचे कारण एवढेच की, तपासणीसाठी त्याचे मुखाचा दरवाजा लाविला होता, आणि तपासणी संपल्यावर तो कोणी उघडावयास सांगितला नव्हता.